गॅस कुठून येतो, वीज कुठे जाते

आज तेलाबद्दल बोलायचं आहे. फोडणीच्या तेलाबद्दल नव्हे. तेही निम्म्याहून जास्त बाहेरच्या देशांतून येतं, पण त्याचं गाऱ्हाणं पुन्हा कधीतरी. आज बोलायचं ते जमिनीच्या पोटातून निघणाऱ्या तेलाबद्दल, खनिज तेलाबद्दल.

तुम्ही म्हणाल, आमच्या दारात ना मोटार ना ट्रॅक्टर, आमचा त्या तेलाशी काय संबंध? संबंध स्वयंपाकघरात उभा आहे. तांबड्या रंगाचा, १४.२ किलो गॅस पोटात घेतलेला. हा गॅस म्हणजे खनिज तेलाचं भावंड. विहिरीतून तेल आणि वायू काढताना तो निघतो, तेल शुद्ध करतानाही निघतो. दाबाखाली ठेवला की त्याचं पाणी होतं, म्हणून तर टाकी हलवली की आत खळखळ वाजतं.

आपल्या देशात जेवढा स्वयंपाकाचा गॅस लागतो, त्यातला शंभरातला साठच्या आसपास बाहेरून येतो, आणि त्यातला बहुतेक अरबांच्या आखातातून. सौदी अरेबिया, कतार, अमिराती, कुवेत इथून जहाजं निघतात आणि होर्मुझ नावाच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतात. सामुद्रधुनी म्हणजे समुद्रातली खिंडच समजा. सर्वांत चिंचोळ्या जागी ती चाळीस किलोमीटरसुद्धा रुंद नाही. जगातल्या तेलाचा पाचवा हिस्सा त्या एका खिंडीतून जातो. तिथून जहाज आपल्या किनाऱ्याला, बंदरातून कारखान्यात, तिथं टाक्या भरल्या जातात, मग ट्रकने घाट चढून आपल्या तालुक्यात, राजुरातून जीपने किंवा टेम्पोने पाड्यावर, आणि शेवटचा चढ कुणाच्या तरी खांद्यावर. एवढा प्रवास करून आलेली वस्तू आपण लायटर पेटवून एका क्षणात वापरायला लागतो. तिचा भावही आपल्याकडे ठरत नाही. सौदी अरेबियाची कंपनी दर महिन्याला गॅसचा भाव जाहीर करते, त्यावर डॉलरचा भाव चढतो, मग जहाजभाडं. सरकार मध्ये पडून थोडं सावरतं, पण मूळ भाव तिकडचा.

आपल्याकडे तेल नाहीच असं नाही. मुंबईपासून दूर समुद्रात १९७४ साली तेल सापडलं, त्याला मुंबई हाय म्हणतात. १९७६ पासून तिथून तेल काढतात. त्या वेळी मोठा आनंद झाला होता. पण देशाची भूक वाढत गेली आणि ते तेल पुरेनासं झालं. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं शंभरातलं पंच्याऐंशीहून जास्त बाहेरून येतं.

लांबच्या देशातल्या लढाईची झळ आपल्या चुलीला लागते, हे काही आजचं नाही. १९७३ साली अरब देश आणि इस्राएल यांचं युद्ध झालं, अरब देशांनी तेल आखडून धरलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. आपल्याकडे त्याआधीच दुष्काळाने माणसं पिचली होती. मुंबईत १९७२ साली बायकांनी महागाई प्रतिकार समिती काढली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. त्यांनी हातात लाटणी घेऊन मोर्चे काढले, थाळ्या वाजवल्या. मागणी होती धान्य, साखर आणि रॉकेल रास्त भावात, रेशनवर मिळण्याची. रॉकेल हे त्या यादीत होतं हे आम्हांला फार महत्त्वाचं वाटतं. इंधनाचा प्रश्न हा पोटाचा प्रश्न आहे, हे त्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पुढे १९९० साली इराकने कुवेत घेतलं तेव्हा तेच झालं. २०२२ साली रशिया-युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा तेच. जून २०२५ मध्ये इराण आणि इस्राएल बारा दिवस लढले, आणि त्या बारा दिवसांत सगळ्या जगाचं लक्ष त्या चिंचोळ्या खिंडीकडे लागलं होतं.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना रॉकेलचा जमाना चांगला आठवतो. चिमणी, कंदील, वातीचा स्टोव्ह, रेशनच्या दुकानापुढची डब्यांची रांग. गॅसची जोडणी आली की रेशनकार्डावर शिक्का बसायचा आणि रॉकेल बंद व्हायचं. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या फक्त चूल होती, तिथं शेगडी आली. ही लहान गोष्ट नव्हे. पण जोडणी मिळणं वेगळं आणि टाकी दर महिन्याला भरून आणणं वेगळं. पाच माणसांच्या घराने सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा म्हटला, तर टाकी महिना-सव्वा महिना जाते. म्हणजे वर्षाला दहाच्या आसपास टाक्या. २०२४ साली राज्य सरकारने अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याचं जाहीर केलं. उरलेल्या सातांचं काय, हा हिशेब ज्या घरात रोजगार हंगामापुरता असतो तिथं बाईलाच करावा लागतो.

तो हिशेब ती कसा करते हे आपण सगळ्या जाणतो. टाकी पावसाळ्यासाठी राखून ठेवायची, कारण आपल्याकडच्या पावसात सरपण वाळत नाही आणि ओल्या लाकडाचा धूर जीव घेतो. पाहुणा आला की चहा गॅसवर, एरवी चुलीवर. बाळंतीण घरात असेल तर गॅस, नसेल तर चूल. टाकीचा भाव शंभर रुपयांनी वाढला तर वर्तमानपत्रात आकडा येतो. पण त्या शंभर रुपयांसाठी रानातून किती मोळ्या जास्त आल्या, त्यात किती सकाळी गेल्या, कुणाची मान आखडली, हे कुठल्याच वहीत चढत नाही. तेलाचा भाव वाढतो तेव्हा गरिबाघरी तो पैशांत भरला जात नाही, बाईच्या डोक्यावरून भरला जातो. आमचं आजचं सगळं बोलणं याच्याभोवती आहे.

म्हणूनच एक गोष्ट आधी स्पष्ट सांगून टाकतो. तेलावर अवलंबून राहू नये, असं सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते खरंही आहे. पण त्यातले काही जण पुढे म्हणतात, पूर्वी चूलच होती ना, काय अडलं होतं? अडलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२० साली जगात घरातल्या धुरामुळे ३२ लाख माणसं दगावली. त्यात चुलीपुढे बसणाऱ्या बाया आणि त्यांच्या मांडीवरची लेकरं येतात. शिवाय आपला बराचसा डोंगर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तिथून लाकूड आणताना मनात धाकधूक असते ती वेगळीच. चुलीवरच्या भाकरीची चव आम्हांलाही आवडते. पण सुट्टीत येऊन ती खाणाऱ्याने, ती भाजणारीने रोज धूर गिळावा असं सुचवू नये.

मग पुढचा रस्ता कुठला? इथं आपल्या भागाची गंमत सुरू होते. गॅस येतो सातासमुद्रापलीकडून, आणि वीज मात्र आपल्या उशालाच तयार होते.

भंडारदऱ्याचं धरण तर सगळ्यांना माहीतच आहे. १९१० साली काम सुरू झालं, १९२६ साली पुरं झालं. इंग्रज गव्हर्नर विल्सनचं नाव त्याला दिलं. त्याच्या पाण्यावर वीज होते. पण धरण बांधलं गेलं ते मुख्यतः खालच्या शेतीसाठी. प्रवरेचे कालवे संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे गेले, तिथं ऊस उभा राहिला, प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना निघाला. आपल्याकडे मात्र म्हण खरी ठरली, धरण उशाला आणि कोरड घशाला. एप्रिल-मेमध्ये हंडा घेऊन उतरणारीला हे वेगळं सांगायला नको.

आता त्या उसाची तेलाशी गाठ पडली आहे. साखर कारखाने मळीपासून आणि उसाच्या रसापासून इथेनॉल करतात, आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२५ साली देशात हे प्रमाण शंभरात वीसपर्यंत पोचलं. मका आणि तांदळापासूनही इथेनॉल होतं. म्हणजे आमच्या डोंगरावर पडलेलं पाणी कालव्याने खाली जातं, उसात शिरतं आणि शेवटी कुणाच्या तरी मोटारसायकलच्या टाकीत पोचतं. बाहेरचं तेल तेवढं कमी लागतं हे खरं. पण २०२३ साली पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती निर्माण झाली, आणि त्या डिसेंबरात सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं. आखाताची लहर चुकवायला गेलो तर पावसाची लहर आडवी आली. ऊस पाणी किती पितो ते पाहता या वाटेने फार लांब जाता येईल असं आम्हांला वाटत नाही.

घाटघरचं मात्र वेगळं आहे, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण शेजारी असूनही पुष्कळ जणींना ते नेमकं काय आहे ते ठाऊक नसतं. पर्यटक येतात, कोकणकडा बघतात, भजी खातात आणि जातात.

घाटघरला वर एक धरण आहे, प्रवरेच्या उगमाकडच्या पाण्याचं. आणि कड्याच्या खाली, कोकणात शहापूर तालुक्याच्या अंगाला, चोंढ्याच्या बाजूला दुसरं धरण आहे. दोन्हींच्या मध्ये सुमारे चारशे मीटरचा उतार. वरचं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून खाली सोडतात. खाली जमिनीच्या आत वीजघर आहे, तिथं ते पाणी चाकं फिरवतं आणि वीज होते. इथवर नेहमीसारखंच. पुढची गोष्ट निराळी. खाली साठलेलं तेच पाणी, तीच यंत्रं उलटी फिरवून, पुन्हा वर चढवतात. पुन्हा सोडतात, पुन्हा चढवतात. २००८ सालापासून हे चालू आहे. वीजघराची ताकद २५० मेगावॉट.

आता कुणीही विचारील, पाणी वर चढवायला वीज लागतच असणार, मग मिळालं काय? बरोबर आहे. शंभर युनिट खर्चून पाणी वर नेलं, तर खाली येताना पंच्याहत्तर-ऐंशीच युनिट हाती लागतात. उरलेली वाटेत जातात. हा तोट्याचा धंदा वाटतो. पण आपणच काय करतो बघा. सुगीत भात स्वस्त असतो, तेव्हा कणगी भरून ठेवतो. थोडं उंदीर खातात, थोडं किडतं, तरी ठेवतोच, कारण आषाढात तोच भात बाजारात मिळणार नसतो, मिळाला तर महाग. वीज तशी पोत्यात भरून ठेवता येत नाही. ती तयार झाली त्याच क्षणी वापरावी लागते. संध्याकाळी सहा ते दहा सगळा महाराष्ट्र दिवे, पंखे, टीव्ही, पंप एकदम लावतो, आणि मध्यरात्री सगळे झोपलेले असतात तेव्हा मोठी वीजघरं बंद करता येत नाहीत. म्हणून रात्रीची पडून राहणारी वीज पाणी वर चढवायला वापरायची आणि संध्याकाळी पाणी सोडायचं. घाटघर म्हणजे विजेची कणगी आहे.

हे आम्ही एवढं का सांगतोय? कारण उद्याची वीज सूर्याची असणार आहे, आणि सूर्याची खोड आपल्याला ठाऊक आहे. तो दुपारी भरभरून देतो आणि आपला स्वयंपाक असतो पहाटे आणि दिवेलागणीला. आज महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावर होते. चंद्रपूर, कोराडी, आपल्या शेजारी नाशिकचं एकलहरे. म्हणून आज कुणी म्हणालं, विजेची शेगडी घ्या म्हणजे प्रदूषण संपलं, तर ते अर्धंच खरं. धूर आपल्या घरातून चंद्रपूरकरांच्या अंगणात गेला. पण सौरवीज झपाट्याने वाढते आहे, दुपारी ती जास्तीची होते, आणि ती संध्याकाळपर्यंत धरून ठेवायची तर एक तर मोठमोठ्या बॅटऱ्या लागतील, नाहीतर घाटघरसारख्या कणग्या. तेलाची खिंड होर्मुझला आहे. उद्याच्या विजेच्या खिंडी आपल्या सह्याद्रीत असतील. ही गोष्ट अभिमानाची आहे आणि काळजीचीही. काळजीचं शेवटी बोलू.

आधी शेगडीचा हिशेब, कारण बाजारात इंडक्शनची शेगडी बघून पुष्कळ जणी विचारतात की हे परवडतं का. एका टाकीतल्या गॅसमध्ये साधारण १८० युनिट विजेएवढी उष्णता असते. पण गॅसच्या शेगडीवर आच भांड्याच्या कडेने निसटते, शंभरातली साठ-पासष्टच भांड्याला लागते. इंडक्शनवर शंभरातली पंच्याऐंशीच्या आसपास लागते, कारण तिथं भांडंच तापतं. म्हणजे एका टाकीचं काम करायला सुमारे १३० ते १३५ युनिट लागतील. आपल्या वीजबिलावरचा युनिटचा भाव, सगळे आकार धरून, १३० ने गुणा आणि टाकीच्या किमतीशी ताडून बघा. मात्र यात एक मेख आहे. घरगुती विजेच्या पहिल्या शंभर युनिटांचा भाव कमी असतो, त्याच्या पुढे तो एकदम चढतो. तुमचं घर महिन्याला पन्नास युनिट वापरत असेल, तर स्वस्त भावातली आणखी पन्नास तुमच्या वाट्याची शिल्लक आहेत. तेवढ्यात टाकीचं एक तृतीयांशाहून थोडं जास्त काम होतं. चहा, दूध, भात, वरण तेवढ्यात बसवा. एका युनिटात नऊ-दहा लिटर पाणी उकळतं, यावरून अंदाज घ्या. सगळा स्वयंपाक तिच्यावर नेलात तर बिल बघून घरात भांडण होईल.

आणि भाकरी? भाकरी इंडक्शनवर नीट होत नाही. तवा सपाट बुडाचा, लोखंडी हवा, आणि भाकरी आचेवर धरून फुगवायची सोय तिथं नाही. नागलीची भाकरी करणारीने गॅस किंवा निर्धूर चूल ठेवावीच. वीज गेली तर काय, हाही प्रश्न आहेच. पावसात आपल्याकडे तार तुटली की दोन दिवस अंधार. म्हणून एकाच इंधनावर घर टांगू नये. काल रॉकेलवर टांगलं होतं, आज गॅसवर, उद्या विजेवर, तर फरक काय पडला? आपल्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती गावरान बियाणं घरात राखल्याबद्दल. आपल्या कुठल्याही घरात एकाच जातीचा वाल लावत नाहीत. इंधनाचंही तसंच असावं.

गोबर गॅसबद्दल सांगितलं की बाया म्हणतात, आमच्याकडे एक होता, बंद पडला. बंद का पडले ते समजून घेतलं पाहिजे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागतं आणि जवळपास तेवढंच पाणी. पुरा चालला तर महिन्याला दीड-दोन टाक्यांचं काम करतो, वर स्लरीचं खत मिळतं. कागदावर याच्यापेक्षा चांगलं काही नाही. पण राजुरला ज्या डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, ती आपली जनावरं डोंगरावर चरणारी. दिवसाचं शेण रानात पडतं, हाती लागतं ते रात्रीच्या गोठ्यातलं. त्यातलं काही राबाला लागतं, काही सारवायला. उन्हाळ्यात पन्नास लिटर पाणी म्हणजे आणखी तीन-चार हंडे, ते कोण आणणार? थंडीत आणि आठ-आठ दिवस सूर्य न दिसणाऱ्या पावसात गॅस मंदावतो, खड्ड्यात पाणी शिरतं. तेव्हा चार-पाच दुभती जनावरं दावणीला आणि विहीर दारात असेल, तर जरूर घ्या. एक-दोन जनावरांच्या घराला आग्रह करू नये. पुण्याच्या आरती संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या कल्पनेतून, शेणाऐवजी खरकटं, सडकं धान्य, पिठूर पदार्थ यांवर चालणारा छोटा बायोगॅस काढला, त्याला २००६ साली लंडनचं अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळालं. घरापेक्षा आश्रमशाळेच्या किंवा खानावळीच्या भटारखान्याला तो जास्त शोभेल, कारण खरकटं तिथं रोज निघतं.

आंघोळीच्या पाण्यालाही बरंच सरपण जातं. जेवणाच्या चुलीबद्दल सगळे बोलतात, न्हाणीच्या चुलीबद्दल कुणी बोलत नाही. तिथं साध्या चुलीऐवजी बंब घेतला तरी निम्मं काम हलकं होतं. काळा रंग दिलेलं पिंप उन्हात ठेवलं तर दिवाळीनंतरचे चार-सहा महिने संध्याकाळच्या पाण्याला लाकूड लागत नाही.

शेतीत तेल आणखी लपून येतं. डिझेल इंजिन दिसतं, युरिया दिसत नाही. पण युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, आणि तो वायूही बराचसा जहाजाने येतो. एसटीचं तिकीट, बाजारात जाणाऱ्या टोमॅटोचं भाडं, सगळ्यात डिझेल. यातलं आपल्या हातात येण्याजोगं म्हणजे पंप. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. पाण्याचा स्रोत मात्र हवा. यात डिझेल वाचतं हे झालंच, पण आम्हांला मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. पंप दिवसा चालतो. रात्रीच्या विजेसाठी बॅटरी घेऊन बिबट्याच्या वाटेवर पाणी भरायला जावं लागत नाही. अर्जात सातबारावर नाव कुणाचं, हे विचारा. विधवा बाईच्या नावावर जमीन चढलेली नसेल तर पंपही मिळत नाही, तेव्हा आधी तलाठ्याकडे वारसनोंद.

आता ती काळजीची गोष्ट. सह्याद्रीत घाटघरसारखे आणखी प्रकल्प येऊ घातले आहेत, कारण उंच कडा आणि भरपूर पाऊस दोन्ही इथंच आहे. वीज स्वच्छ असली तरी ती कुणाच्या तरी जमिनीवर उभी राहते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळशीला धरण बांधायला घेतलं. १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. बायकाही त्यात उतरल्या, तुरुंगात गेल्या. धरण झालंच, गावं पाण्याखाली गेली. त्या वेळी विचारायची सोय नव्हती. आज आहे. आपला बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, त्याला १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि जमीन घेण्याआधी ग्रामसभेचं म्हणणं घ्यावं लागतं. ग्रामसभेत सर्व्हेचा, मोजणीचा किंवा ना-हरकतीचा विषय आला तर तीन गोष्टी ठरावात लिहून मागा: किती जमीन आणि किती जंगल जाणार, उन्हाळ्यात आमच्या पिण्याच्या पाण्याचं काय, आणि इथं तयार होणारी वीज आमच्या पाड्यांना अखंड मिळणार का. तोंडी उत्तर चालत नाही. आणि सभेची तारीख आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवली असेल तर ती बदलून मागा, कारण त्या दिवशी बाया राजुरात असतात.